हॅटफिल्ड हाउस : विटांचा दस्तऐवज

इतिहासाच्या तासाला एखाद्या वास्तूचे चित्र दाखविले की विद्यार्थी प्रथम विचारतात, "सर, हे कोणी बांधले?" पुस्तके अशा वेळी मालकाचे नाव सांगतात. इंग्लंडमधील हॅटफिल्ड हाउसचा मालक रॉबर्ट सेसिल, सॅलिसबरीचा पहिला अर्ल. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. म्हणून येथे आरंभ विटांपासून करू.

लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशायरमध्ये, पंधराव्या शतकाच्या अखेरीस बिशप मॉर्टन याने मधोमध चौक असलेला विटांचा प्रासाद उभारला. 1558 च्या नोव्हेंबरात राणी झालेल्या एलिझाबेथने आपल्या मंत्रिमंडळाची पहिली बैठक त्याच्याच मोठ्या दालनात घेतली. 1607 मध्ये राजा पहिला जेम्स याला सेसिलचे थिओबाल्ड्स हे घर हवेसे वाटले आणि अदलाबदलीत हॅटफिल्ड सेसिलकडे आले. त्याने जुन्या प्रासादाच्या तीन बाजू पाडून त्यांच्या विटा नव्या बांधकामात घातल्या. राणीची सभा पाहिलेल्या, वाचलेल्या दालनात पुढे दीर्घकाळ घोडे बांधले जात!

नवे घर 1611 मध्ये उभे राहिले. त्याचा आराखडा प्रामुख्याने रॉबर्ट लायमिंज याचा. मध्यभागी मुख्य इमारत आणि दक्षिणेकडे पुढे आलेल्या दोन भुजा, एकीत राजाची व दुसरीत राणीची दालने. यजमानाचे घर पाहुण्याच्या मापाने बेतलेले! त्या मुलखात बांधकामाजोगा चांगला दगड दुर्मीळ. म्हणून भिंती विटांच्या, आणि दगड कोपऱ्यांना, खिडक्यांना व दक्षिणेच्या कमानींना. उत्तरेची बाजू त्या मानाने साधी. आम्हांस तीच अधिक बोलकी वाटते, कारण तेथे विटेवर पांघरूण नाही. त्या काळच्या हातथापी विटांत एकसारखा रंग शोधू नये. भट्टीत आगीलगतची वीट काळपट होते, दूरची फिकट राहते. ज्यांचे आईवडील वीटभट्टीवर राबले, त्या आमच्या विद्यार्थ्यांना हे शिकवावे लागत नाही.

आत ओक लाकडाचा भव्य जिना आहे. त्याच्या पायथ्याशी कोरीव फाटके आहेत, ती शिकारी कुत्र्यांनी वर जाऊ नये यासाठी. हे कोरीव काम जॉन बक याचे. त्याचे नाव टिकले. ज्यांनी चिखल तुडविला व भट्ट्या लावल्या, त्यांची नावे मात्र या घराच्या प्रचलित वर्णनांत आढळत नाहीत. सेसिलही 1612 च्या मे महिन्यात निवर्तला. या घरात राहणे त्याच्या वाट्यास फारसे आले नाही.