लहान अनुदान, लांब देखभाल

रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या वसाहतीत रहिवाशांच्या संस्थेस वाचनालय उभारावयाचे झाल्यास महापालिकेचे अल्प अनुदानही मोलाचे ठरते. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. त्यांचे अधिकार ठरविणे मात्र राज्यांवर सोपविले. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागविली जाऊ लागली. तेथे सूचना नागरिकांची, खर्च महापालिकेचा. रक्कम थेट संस्थेच्या हाती देणे याहून वेगळे. हिशेब तर हवाच; पण खरी अडचण पुढे येते. बांधकामास पैसा मिळतो, ग्रंथपालाच्या मानधनाचे काय? म्हणून देखभालीचा वार्षिक खर्च कोण उचलणार, हे अर्जातच नोंदवावे आणि अखेरचा हप्ता वाचनालय सहा महिने नियमित उघडे राहिल्यावरच द्यावा.