"आज लय जड गेलं"

माय-बापहो, मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की आपल्या बाळापुरात एक बोलणं घरोघरी ऐकू येतं. पोरगं मैदानावरून येतं, बूट काढून भिंतीला टेकतं अन् म्हणतं, "आज लय जड गेलं." बापाचं उत्तर ठरलेलं, "काल त मस्त पळाला होता, आज काय झालं तुले? रातभर मोबाईल पाह्यत बसला अशीन." मोबाईलचा दोष असेलही. पण आधी ऊन किती वाजता चढलं होतं ते विचारा.

पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातला पाऊण हिस्सा तरी निव्वळ उष्णता होतो. ती बाहेर टाकायची तर रक्त कातडीकडे न्यावं लागतं, आणि त्याच वेळी पायही रक्त मागत असतात. एका विहिरीवर दोन मोटारी लागल्या की दोघींचं पाणी बारीक होतं, तसा प्रकार. मग ठोके वाढतात आणि कालचाच वेग आज जड वाटतो. जिद्द कालच्याएवढीच असते, शरीराचं काम वाढलेलं असतं. म्हणून लेकराचं 'जड गेलं' हे गाऱ्हाणं समजू नका, मोजमाप समजा.

हे मोजमाप शास्त्रानंही मानलंय. गुन्नार बोर्ग या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी ६ ते २० अशी पट्टी केली. ६ म्हणजे निवांत बसणं, २० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. सुरुवात ६ पासून का? तर सांगितलेल्या आकड्याला दहानं गुणलं की तरुण माणसाच्या नाडीचा अंदाज मिळतो. १३ म्हटलं तर मिनिटाला १३० च्या आसपास. पुढं त्यांनीच दहापर्यंतची सोपी पट्टीही दिली. पोलीस भरतीसाठी मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर पळतात, वहीत वेळ लिहितात. त्या वेळेशेजारी 'दहापैकी किती जड गेलं' हा आकडाही लिहायला सांगा. वेळ तीच आणि आकडा रोज चढतोय असं दिसलं, तर पोरगं उन्हाशी झटतंय. त्या दिवसांत वेग कमी केला म्हणून भरती हुकत नाही.

आता आपल्या वऱ्हाडातली खरी गोम. आपलं ऊन कोरडं. घाम अंगावर टिकतच नाही, सुटला की उडून जातो. अंग ओलं राहिलं की माणूस कासावीस होतो; कोरडं राहिलं की त्याला वाटतं, आपण ठीक आहोत. म्हणून मुलगी सांगते, "घामच नाही आला." तिच्या निळ्या टी-शर्टची पाठ पाहा, मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. वजनकाटा असेल तर पळण्याआधी आणि नंतर वजन करून पाहा. अर्धा किलो कमी भरलं तर साधारण अर्धा लिटर पाणी गेलं. आता तुम्हीच ठरवा, दोन घोटांनी भागतं का ते.

उलटही फसगत होते. डोक्याला ओला दुपट्टा, तोंडावर गार पाणी, पुदिन्याची गोळी. यांनी हुशारी वाटते, पळणं हलकं होतं. करू द्या, मना करू नका. पण तेवढ्यानं पोटातली उष्णता फारशी उतरत नाही. बरं वाटलं म्हणून पोट्टे वेग वाढवतात, आणि धोका असतो तो तिथं.

'आम्ही ४४ डिग्रीवाले' हा आपला अभिमान कोकणात कामाचा नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघातानं १४ माणसं गेली. पारा ३८ च्या आसपास होता, आपल्याकडं एप्रिलात त्याला कोणी विचारतही नाही. पण दमट हवेत घाम सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही. मुलगा मुंबईला भरतीला जाणार असेल तर हे त्याला सांगून ठेवा. आपल्याकडंही पाऊस पडून उघडीप झाली की असंच होतं. पारा उतरलेला, तरी धाप जास्त.

सवयीनं शरीर सुधारतं, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. रोज थोडं थोडं उन्हात राबलं की घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. लहान लेकरांना याहून जास्त दिवस लागतात. परीक्षेपायी महिनाभर कूलरपुढं बसलेल्या पोराला पेपर संपताच उन्हाळी शिबिरात लोटू नका. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं इतरांपेक्षा उशिरा उघडतात, मग शिबिरवाल्यांनाच सकाळी दहाची वेळ कशी सुचते देव जाणे. रोजे असोत की नवरात्रातले उपास, त्या दिवसांत सराव हलका ठेवा. इफ्तारनंतर किंवा फराळानंतर, पोट जरा उतरल्यावर.

"आम्ही नाही का भर उन्हात विटीदांडू खेळलो?" असं काही बाबा म्हणतील. खेळलो, पण दमलो की निंबाखाली बसायचो, कोणी शिट्टी वाजवून उठवत नव्हतं.

आणि एक गोष्ट आकड्यावर सोडू नका. पळता पळता पोरगं झोकांड्या द्यायला लागलं, असंबद्ध बोललं, नाव विचारलं तर भलतंच सांगितलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून गाफील राहू नका, घाम असतानाही तो होतो. सावलीत घ्या, कपडे सैल करा, बादलीनं अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला. दुसऱ्या कोणाला १०८ लावायला सांगा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. गाडी येईपर्यंत हात थांबवू नका.