चावी खिशात, गाडी पसार!

समजा ताडोबाच्या मोहर्ली गेटबाहेर गाडी उभी आहे, मालक ५० मीटरवर टपरीवर चहा पितोय आणि चावी त्याच्या खिशात आहे. गाडी चोरीला जाईल? चावी न लावता बटणावर सुरू होणारी असेल, तर जाऊ शकते!

हँडलला हात लावला की गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते. ती एक-दोन मीटरच पोचते. चावी ती ऐकून ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास सांकेतिक उत्तर पाठवते. उत्तर दर वेळी नवीन, त्यामुळे जुनं उत्तर चोरून उपयोग नाही. पण चोर काही चोरून ठेवतच नाहीत. एक गाडीपाशी, दुसरा मालकाजवळ. त्यांची यंत्रं गाडीची हाक नुसती खिशापर्यंत पोचवतात. चावी इमानदारीने उत्तर देते आणि दार उघडतं! २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांच्या १० मॉडेल्सवर हा प्रयोग प्रसिद्ध केला. दहाही फसली.

म्हणजे नुसतं गणित पक्कं असून भागत नाही. कुलूप विचारतं, ‘तू कोण?’ विचारायला हवं, ‘तू किती लांब?’ रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. ५० मीटर जाऊन यायला सुमारे ३३३ नॅनोसेकंद. नव्या अल्ट्रावाइडबँड चाव्यांत हाच वेळ मोजतात. हाक नुसती पुढे पोचवून तो कमी होत नाही.

आपली चावी जुनी असेल तर? घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डबा हातात धरून दार उघडून बघा. उघडलं, तर डबा बदला!