सुचलेली ओळ

आपल्या भिवंडीत माग खडखडतो. धोटा इकडून तिकडे पळतो. त्या तालावर मनात काहीबाही येतं. होय ना?

जळगावच्या बहिणाबाई चौधरींचं असंच होई. त्यांचा जन्म १८८० सालचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण जाते फिरू लागले की ओवी सुचे. चूल, शेत, सुगरणीचा खोपा, जे रोज दिसे त्याचेच गाणे होई.

मुलगा सोपानदेव यांनी काही गाणी लिहून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. जी लिहिली गेली नाहीत, ती त्यांच्याबरोबर गेली.

तुम्ही तर अक्षरे शिकलात. मग दुसऱ्याची वाट कशाला पाहायची? सुचेल ती ओळ लगेच वहीत उतरवा.

अभ्यास : कामावर रोज दिसणाऱ्या एका वस्तूवर दोन ओळी लिहा.