स्टर्नड्राइव्हच्या खालच्या पेटीतील बेअरिंगांचा ताण

इंजिन नौकेच्या आत आणि पंखा फिरविणारी दातेरी चक्रे मागील फळीबाहेर, पाण्याखाली, या रचनेस स्टर्नड्राइव्ह म्हणतात. व्होल्वो पेंटा कंपनीने ती १९५९ साली 'अ‍ॅक्वामॅटिक' या नावाने बाजारात आणली. तिच्या खालच्या पेटीत उभ्या दांड्याचे लहान चक्र (पिनियन) आडव्या दांड्यावरील मोठ्या चक्रास फिरविते. पंख्याचा रेटा दांड्याला पुढे लोटतो आणि दाते परस्परांना दूर सारतात. म्हणून येथे निमुळत्या रोलरची बेअरिंगे घालतात व ती मुळातच किंचित दाबून बसवितात. या आगाऊ दाबास प्रीलोड म्हणावयाचे. तो कमी पडला तर दांडा हलतो, दाते काठावर घासतात. अधिक झाला तर तेलाचा थर टिकत नाही व रोलर तापून निळे पडतात.

हा दाब डोळ्यांना दिसत नाही. दांडा फिरविण्यास किती जोर लागतो यावरून तो ओळखावा लागतो. बेअरिंगांना हलके तेल लावावे, नट पुस्तकात दिल्याप्रमाणे आवळावा आणि दांडा दहाबारा वेळा दोन्ही बाजूंनी फिरवावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. नाजूक टॉर्क-पाना नसेल तर दांड्यावर दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने ओढावी. त्रिज्या २.५ सेंटिमीटर व ओढ ४ किलो असेल तर १० किलो-सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८.७ इंच-पौंड झाले. सुरुवातीचा हिसका धरू नये. दांडा संथ फिरत असतानाचाच आकडा घ्यावा. योग्य आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तकातलाच. नव्या बेअरिंगांना तो जास्त, वापरलेल्यांना कमी असतो.

फरक करावयाचा तो पातळ चकत्यांनी, म्हणजे शिमनी. येथे पुष्कळांची फसगत होते. शिम बाहेरच्या कड्यामागे असेल तर ती वाढविल्याने दाब वाढतो. दोन आतल्या कड्यांमध्ये असेल तर वाढविल्याने घटतो!

माझी चूक निराळी होती. तेलाची सीले आधीच बसवून मी मोजणी केली. आकडा अगदी बरोबर आला, पण त्यातला बराचसा जोर सीलांच्या घर्षणाचा होता. बेअरिंगे ढिलीच राहिली. दोन महिन्यांत दांडा डुलू लागला, सीले झिजली, पाणी शिरून तेल दुधाळ झाले, आणि मांडवीच्या मुखाशी माणसांनी भरलेली नौका दुसऱ्या होडीने ओढून आणावी लागली. आता सीले मी सर्वांत शेवटी बसवितो.