गेट व्हॉल्व्ह म्हणजे पाइपातलं दारं: पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद करा



आजचा विषय पाइपलाइनवरचा गेट व्हॉल्व्ह, म्हणजे दुकानात आपण 'गेट वॉल' मागतो तो. भीमेच्या काठावरून किंवा उजनीच्या बॅकवॉटरमधून लांबून लाइन आणलेल्यांनी हा मेसेज पूर्ण वाचावा.

*आत काय असतं?*
आत एक पाचर असते. चाक फिरवलं की आट्यांचा दांडा तिला वर-खाली करतो. पाचर पूर्ण वर गेली की पाण्याला वाट सरळ मोकळी, दाब जवळजवळ कमी होत नाही. खाली बसली की पाणी बंद. पाटाला दारं, तसं हे पाइपातलं दारं.

*अर्धवट का ठेवू नये?*
अर्धवट फोडलेल्या दाऱ्याची कड पाणी कातरत नेतं ना, इथंही तसंच होतं. पाचर थरथरते, कडा झिजतात. पाण्यात वाळू असेल तर आणखी लवकर. मग बंद करूनही पाणी झिरपत राहतं. ड्रिपचा दाब कमी करायचा असेल तर जादा पाणी बायपासने विहिरीत परत सोडा. त्या बायपासवर ग्लोब व्हॉल्व्ह चांगला.

*बंद करताना घाई का नको?*
पीव्हीसी लाइनीत सेकंदाला 1 मीटर वेगाने चाललेलं पाणी एकदम अडवलं तर साधारण अडीच-तीन किलो जादा दाब येतो. लाइनीत आधीच अडीच किलो असेल तर 4 किलोचा पाइप फुटू शकतो. 1 किलोमीटर लाइनीत 7-8 सेकंदांत बंद करणं हेसुद्धा 'एकदम'च. पाणी खरं अडतं ते शेवटच्या काही फेऱ्यांत, त्यामुळे त्या सगळ्यात हळू फिरवा.

*विहिरीवरचा मोनोब्लॉक असेल तर*
✅ व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालू करा, मोटारीवर लोड कमी येतो. मिनिटाच्या आत हळूहळू उघडायला लागा, नाहीतर पंपातलं पाणी तापतं.
✅ थांबवताना आधी व्हॉल्व्ह हळू बंद, मग मोटार बंद.
⚠️ ऑटो स्टार्टर असेल तर व्हॉल्व्ह बंद करून घरी जाऊ नका. रात्री लाइट आली की पंप बंद व्हॉल्व्हवर चालत राहील आणि जळेल.
⚠️ लाइट अचानक गेली तर गेट व्हॉल्व्ह कामाचा नाही. पाणी उलटं फिरतं, त्यासाठी एनआरव्ही हवाच.

*बसवताना आणि सांभाळताना*
1. पंपानंतर आधी एनआरव्ही, मग गेट व्हॉल्व्ह. म्हणजे एनआरव्ही खोलताना लाइनीतलं पाणी अंगावर येत नाही.
2. बिडाचा व्हॉल्व्ह जड असतो. खाली विटांचा कट्टा द्या, वजन पीव्हीसीवर नको.
3. पूर्ण उघडल्यावर चाक अर्धा फेरा मागं घ्या, जाम होत नाही.
4. नीट बंद होत नसेल तर पान्याने जोर लावू नका. खाली गाळ अडकलेला असतो. दोन-तीन फेरे उघडा, गाळ वाहू द्या, परत बंद करा.
5. दांड्याजवळ गळत असेल तर ग्लँडचे दोन्ही नट थोडे-थोडे, सारखे आवळा. तरी गळालं तर आतली दोरी बदला.
6. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चाक फिरवून ठेवा.

उद्या मोटारीवर गेलात की आपला व्हॉल्व्ह अर्धवट तर नाही ना, एवढं बघा. अडचण असेल तर व्हॉल्व्हचा फोटो किंवा व्हॉइस मेसेज याच ग्रुपवर टाका.

– आपला कृषी सल्लागार, सोलापूर