हॅलोवीनला मुलीला पाठवू का?

प्रश्न : आम्ही पुण्यात खराडीला राहतो. सोसायटीत दरवर्षी 31 ऑक्टोबरला लहान मुलांची हॅलोवीन पार्टी असते. माझ्या सात वर्षांच्या मुलीला यंदा चेटकिणीचा काळा झगा आणि टोकदार टोपी घालून जायचंय. माझं माहेर वसईचं, कॅथलिक. सासर अहिल्यानगरचं, प्रोटेस्टंट. सासूबाई म्हणतात, हा सण मूर्तिपूजकांचा, सैतानाचा, ख्रिस्ती घरात नको. त्यांच्या मोबाइलवर आलेल्या मजकुरात ड्रुइड पुजारी, नरबळी, मेलेल्यांचा देव असं बरंच काही आहे. यजमान म्हणतात, चॉकलेटं वाटण्यात कसला आलाय धर्म? हा सण मुळात आहे कोणाचा, आणि ख्रिस्ती माणसानं तो साजरा करावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मुलीला पाठवा. चेटकिणीचा झगा मात्र नको. त्याचं माझं कारण सासूबाईंच्या कारणाहून वेगळं आहे, ते पुढे लिहितो. पण त्यांची शंका झटकून टाकू नका. देवाच्या घरात काय यावं आणि काय येऊ नये याची चौकशी करणारं वडीलधारं माणूस घरात आहे, हे मला मोलाचं वाटतं. म्हणून आधी त्यांच्या मजकुराकडे वळू.

आयर्लंड, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन इथल्या गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांत हिवाळ्याच्या तोंडावर ‘साविन’ नावाचा सण असे. तो 31 ऑक्टोबरच्या सूर्यास्ताला सुरू होई. डोंगरांतल्या कुरणांवरून गुरं खाली आणायची, हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती कापायची, मोठ्या आगी पेटवायच्या, राजाकडे मेळा भरवायचा. जुन्या आयरिश कथांमध्ये या रात्री टेकड्यांची दारं उघडतात आणि आतली अद्भुत मंडळी बाहेर येतात. तारा इथला राजवाडा दर साविनला जाळणारा एक जण या कथांत आहे. तेव्हा त्या रात्रीला भयाचं वलय होतं, हे खरंच. पण या कथा लिहून ठेवल्या त्या मठांतल्या ख्रिस्ती लेखकांनी, आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजल्याला काही शतकं उलटल्यावर. त्याआधी साविनला कोणाची पूजा होई आणि कशी होई, याचं त्या काळातलं एकही वर्णन हाती नाही.

मग ‘मेलेल्यांचा देव’ आला कुठून? 18व्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी नावाचा एक ब्रिटिश लष्करी अभियंता आयर्लंडमध्ये मोजणीच्या कामावर होता. त्याला आयरिश पुराणवस्तूंचं वेड होतं, भाषेचं ज्ञान मात्र बेताचं. साविन हे एका देवाचं नाव आहे, असं त्यानं लिहून टाकलं. पुढे जॉन रीस या वेल्श अभ्यासकानं साविन हे केल्ट लोकांचं नववर्ष असल्याचं मांडलं आणि जेम्स फ्रेझरनं ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात त्याला मृतांचा सण ठरवलं. मोबाइलवर फिरतं ते याच कल्पनांचं चिटोरं. ब्रिस्टल विद्यापीठातले इतिहासकार रोनल्ड हटन यांनी 1996 साली ‘द स्टेशन्स ऑफ द सन’ या ग्रंथात हा सगळा पुरावा तपासला आणि त्याचा पाया किती कच्चा आहे ते दाखवलं. हटन काही चर्चचे वकील नव्हेत. ब्रिटनमधल्या पेगन (मूर्तिपूजक) परंपरांचा त्यांनी आयुष्यभर आपुलकीनं अभ्यास केला आहे. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला वजन आहे.

आता चर्चची बाजू. पोप चौथे बोनिफस यांनी रोममधलं पँथिऑन हे जुनं देवालय 609 सालच्या सुमारास 13 मे रोजी पवित्र मरिया आणि हुतात्म्यांच्या नावानं अर्पण केलं. पुढे 8व्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी सेंट पीटर्समध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनागृह उभारलं. सन 800च्या आसपास, आजच्या जर्मनीच्या प्रदेशात, 1 नोव्हेंबरला सकल संतांचा सण पाळला जात होता, आणि 835 साली पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात तो फ्रँकांच्या साऱ्या साम्राज्यात पसरला. आयर्लंडमधली त्याच काळातली चर्चची पंचांगं पाहिली तर तिथं सर्व संतांचा दिवस 20 एप्रिल असा दिसतो. ‘चर्चनं साविनवर मुद्दाम आपला सण चढवला’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. जिथं साविन होता, तिथल्याच चर्चनं संतांना एप्रिलमध्ये स्मरावं, आणि 1 नोव्हेंबर ही तारीख जिथं साविन नव्हता तिथून यावी?

हॅलोवीन हे नाव सकल संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळचं आहे. 10व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी 2 नोव्हेंबर हा सर्व मृत विश्वासू जनांच्या स्मरणाचा दिवस ठरवला आणि तिन्ही दिवस एका माळेत आले. मध्ययुगात इंग्लंडमधले गरीब लोक या दिवसांत दारोदार जात. घरचे लोक त्यांना छोटे गोड केक देत, आणि केकच्या बदल्यात त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना होई. सोसायटीतली मुलं आज दार वाजवतात त्या रिवाजाची एक मुळी इथं पोचते. दुसरी पोचते स्कॉटलंड-आयर्लंडमधल्या सोंगं घेऊन फिरणाऱ्या पोरांपर्यंत.

सासूबाईंना हेही सांगा की 31 ऑक्टोबर त्यांच्या मंडळीचाही दिवस आहे. 1517 साली याच तारखेला मार्टिन ल्यूथर यांनी विटेनबर्गमध्ये आपले 95 मुद्दे पुढे आणले. वाद होता शुद्धिस्थानातल्या आत्म्यांच्या सुटकेच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पापदंडमाफीचा. विटेनबर्गच्या किल्ल्यातलं चर्च सकल संतांच्या नावाचं होतं आणि दुसऱ्या दिवशीच्या सणाला तिथं लोटणाऱ्या यात्रेकरूंना अशीच माफी मिळे. पुढे प्रोटेस्टंट देशांत मृतांसाठीच्या प्रार्थना बंद झाल्या, पण त्या संध्याकाळची मजा गेली नाही. स्कॉटलंड कट्टर प्रेस्बिटेरियन झाल्यावर दोनशे वर्षांनी रॉबर्ट बर्न्स यांनी हॅलोवीनवर दीर्घ कविता लिहिली. तिच्यात खेड्यातली तरुण मुलं-मुली कोबीचे दांडे उपटून आणि चुलीत कवचाची फळं (नट) भाजून आपलं लग्न कोणाशी होणार याचा अंदाज घेतात.

भोपळा तर फारच अलीकडचा. आयर्लंडमध्ये सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा लावत. अशा एका कंदाची प्रतिकृती मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे: बारीक खोल डोळे, वेडेवाकडे दात, सुकून आक्रसलेल्या म्हाताऱ्यासारखा चेहरा. प्लास्टिकच्या हसऱ्या भोपळ्यापेक्षा तो शतपटीनं भीतिदायक आहे. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली. तिथं भोपळा मुबलक मिळे आणि कोरायलाही सोपा. दुसऱ्या महायुद्धानंतर साखरेवरचं रेशनिंग उठलं, मिठाईच्या कंपन्या सरसावल्या, आणि आज खराडीत जे पोचलंय ते घडलं. तेव्हा सोसायटीतली पार्टी साविनपासून फार दूरची आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की सकल संतांपासूनही तितकीच दूरची.

पण समजा, उद्या नवा पुरावा निघाला आणि हा सण मुळात पेगनच ठरला, तरी माझं उत्तर बदलणार नाही. उगम परका म्हणून वस्तू टाकायची, हा नियम मराठी ख्रिस्ती माणसाला तरी कसा परवडेल? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं 1616 साली ख्रिस्तपुराण छापलं. पुराण हा प्रकार आणि ओवी हा छंद त्यानं इथल्याच भक्तिपरंपरेतून घेतला, आणि त्यातून सुमारे अकरा हजार ओव्यांमध्ये ख्रिस्ताची कथा सांगितली. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं. सासूबाई ज्या मंडळीत वाढल्या तिथं आजही टिळकांची पदं टाळ-पेटीवर गातात. कीर्तनाचं मूळ नारदापर्यंत नेतात, म्हणून ती पदं कोणी ‘उपासना संगीता’तून फाडून टाकणार आहे का? कोणतीही रीत ख्रिस्ताच्या सेवेला लागते की नाही, हे ती आज कोण, कशासाठी आणि कशी पाळतो त्यावर ठरतं.

पवित्र शास्त्रात नेमका हाच पेच आहे. करिंथमध्ये बाजारात मिळणारं मांस बरेचदा मूर्तीला वाहिलेलं असे. ते खावं का? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या ते दहाव्या अध्यायांत पौलानं यावर विस्तारानं लिहिलंय. मूर्तीत काही नाही, पृथ्वी प्रभूची आहे, तेव्हा बाजारात विकलं जातं ते फार चौकशी न करता खा. पण ‘हे देवाला वाहिलेलं आहे’ असं कोणी सांगितलं, किंवा तुमच्या खाण्यानं एखाद्या भावाचं मन डळमळत असेल, तर खाऊ नका. गणपतीत शेजारून मोदक आला की आपल्या घराघरांत हीच चर्चा होते. एक जण घेतो, दुसरा हात जोडून नम्रपणे नाही म्हणतो, आणि दोघंही रविवारी एकाच बाकावर बसतात. यजमानांनी हा भाग शांतपणे वाचावा. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण आईला दुखवून ते सिद्ध करण्यात पौलाच्या मते काही मिळकत नाही.

आता झग्याचं. युरोपात 15व्या ते 18व्या शतकांत चेटकीण ठरवून सुमारे चाळीस ते पन्नास हजार माणसं मारली गेली. त्यांत बहुसंख्य बायका, त्यातही पुष्कळ म्हाताऱ्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या. मारणारे कॅथलिक होते आणि प्रोटेस्टंटही, आणि हातात शास्त्र घेऊन मारत होते. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692-93च्या खटल्यांत 19 जणांना फासावर चढवलं आणि एका वृद्धाला दगडांखाली चिरडलं. आपल्याकडे नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या बातम्या आजही येतात. महाराष्ट्राला 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. काळी टोपी, वाकडं नाक, हातात झाडू हे चित्र त्या बायांना दिलेल्या दूषणांतून तयार झालंय. सात वर्षांच्या मुलीला हे सगळं सांगायची गरज नाही. पण तुम्हाला माहीत असावं. ख्रिस्ती माणसानं त्या चित्राची गंमत करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण ते पाप आपल्याच चर्चच्या माथ्यावर आहे. तिला परी होऊ दे, वाघ होऊ दे. जोन ऑफ आर्कचं चिलखत पुठ्ठ्याचं सुंदर बनतं, आणि जोनलाही 1431 साली धर्मद्रोही म्हणून जाळलं होतं, पुढे चर्चनंच तिला संत ठरवलं.

एक गोष्ट मात्र सरळ निषिद्ध. मोठी मुलं अशा रात्री प्लँचेट किंवा वीजा बोर्ड घेऊन बसतात. मेलेल्यांना बोलावणं आणि भविष्य विचारणं याला पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट मनाई आहे. इथं पौलाची सवलत चालत नाही. असं काही दिसलं तर मुलीला घेऊन घरी या. रक्ताळलेले मुखवटे आणि गळफासाचे देखावेही मुलांच्या पार्टीत नसावेत, आणि हे सोसायटीच्या बैठकीत कोणत्याही धर्माच्या आईला मांडता येईल. घाबरवण्याच्या बाबतीत चर्चही धुतल्या तांदळासारखं नाही. अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल चर्चेसनी हॅलोवीनला पर्याय म्हणून नरकाचे देखावे उभे केले, पोरांना देवाच्या नावानं भेदरवलं. त्यापेक्षा मला फिलाडेल्फियाचे क्लाइड आणि मेरी एमा ॲलिसन जवळचे वाटतात. पाळकाचं हे कुटुंब. 1950च्या हॅलोवीनला त्यांच्या पुढाकारानं मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांत मिठाईऐवजी सुटे पैसे गोळा केले, 17 डॉलर जमले, ते त्यांनी युनिसेफला पाठवले. तो उपक्रम पुढे देशभर गेला.

आणि 31 तारखेला थांबू नका. 1 नोव्हेंबरला मुलीला तिच्या नावाच्या संताची गोष्ट सांगा. नाव संताचं नसेल तर तुम्हाला आवडणारा संत निवडा. 2 तारखेला जमलं तर तिला वसईला न्या. तुम्हाला मी काय सांगावं, पण तिनं पाहिलं नसेल: घासूनपुसून स्वच्छ केलेल्या कबरी, झेंडू-शेवंतीची फुलं, वाऱ्यात विझणाऱ्या आणि पुन्हा पेटवल्या जाणाऱ्या मेणबत्त्या, कबरीकबरींवर पवित्र पाणी शिंपडत जाणारे फादर. तिला आजोबांच्या कबरीवर स्वतःच्या हातानं मेणबत्ती लावू द्या. मृतांसाठी प्रार्थना करणं सासूबाईंच्या मंडळीच्या शिकवणीत बसत नाही, त्यांना ती करायला लावू नका. पण आपल्याआधी विश्वासात जगून गेलेल्यांबद्दल देवाचे आभार मानायला त्यांचीही हरकत नसेल. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी सासरच्या थोरामोठ्यांची नावं घेऊन, कोण कसं होतं ते नातीला सांगावं. ‘मेलेली माणसं भुतं होऊन येतात का?’ असं ती त्या आठवड्यात नक्की विचारील. त्यावर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं उत्तर एकच आहे: नाही, ती ख्रिस्ताच्या हाती आहेत. ते उत्तर सासूबाईंनाच देऊ द्या.